उजवा हात लांब

माझं शिक्षण सातवी नापास. तरी तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढतोय आणि त्यातली एकही अजून पडलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, याचं डोकं फिरलं. माझं डोकं जाग्यावर आहे. मी मापाशिवाय बोलत नाही.

सुरुवात केली ती ट्रेसिंगपासून. मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईच्या पेनानं गिरवत बसायचं. पहिल्याच महिन्यात मी एका दवाखान्याचा कागद उलटा धरून सबंध गिरवला. पारदर्शकच तो, त्याला पाठ कुठली आणि पोट कुठलं? दवाखान्याचं दार डाव्या गल्लीऐवजी उजव्या गल्लीत उघडलं. हेडड्राफ्ट्समननं कान असा पिरगाळला की अजून थंडीत दुखतो. तेव्हापासून मी प्रत्येक कागदावर एक फुली काढायला लागलो, उजवा हात जरा लांब असलेली. लांब हात उजवीकडे दिसला तर कागद सुलटा. डावीकडे दिसला तर तुम्ही पाठीमागून बघताय. साधी गोष्ट.

ही फुली मी धाकट्यालाही शिकवली. धाकटा म्हणजे माझा भाऊ. आई-वडील लवकर गेले, त्याला मीच वाढवला. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्याच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, दर वर्षीची एक. शेवटची एक मीटर अडुसष्टला. त्यानंतर वाढायचा थांबला आणि लग्न करून मोकळा झाला. मला बायको नव्हती, त्यामुळे स्वयंपाकघर एकच राहिलं. त्याची बायको मला दादा म्हणते आणि मी तिला पोरी.

धाकटा सर्व्हे करायचा. जुन्या इमारतीत तिपाईवर यंत्र लावायचं, भिंती-खांब टिपायचे आणि ती टिंबं ऑफिसला पाठवायची. मी इथे बसून त्यांच्या रेघा करायचो. आमच्या मॅडम आर्किटेक्ट. आमच्या जोडीला त्या 'पाय आणि डोकं' म्हणायच्या. धाकटा विचारायचा, "यातलं डोकं कोण?" मी म्हणायचो, "जो उन्हात फिरत नाही तो."

आता आमच्या धंद्यातल्या एका चुकीबद्दल सांगतो.

कॉम्प्युटरवरचा नकाशा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. प्रत्येक रेघेला लांबी-रुंदीबरोबर उंचीही असते. आपल्याला घराचा तळ हवा असतो, म्हणून ती उंची शून्य ठेवायची. कुणाच्या तरी हातून एखादं टोक वर किंवा खाली जातं. वरून बघाल तर दोन रेघा टोकाला टोक लावून बसल्यात. बाजूनं बघाल तर एक तळघरात लोंबतेय. रेघा जुळत नाहीत, क्षेत्रफळ निघत नाही, मापं दोन-चार मिलिमीटर खोटी येतात आणि माणूस स्वतःच्याच डोक्याला दोष देत बसतो. उपाय सोपा. ती रेघ निवडायची, उंचीच्या रकान्यात शून्य टाकायचं. का गेली, कशी गेली, कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नाही. उवा काढतात तसं काढायचं आणि पुढे जायचं.

काम आलं ते बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचं. तिथे वाचनालय करायचं होतं. एकच मोठा हॉल, आत चोवीस खांब. धाकट्यानं मधोमध फरशीत एक खिळा ठोकला आणि रोज त्याच खिळ्यावर तिपाई लावून एकेक बाजू टिपायला लागला. नकाशात त्या खिळ्याच्या जागी त्यानं आमची फुली घातली. उजवा हात लांब.

सोमवारी मी सहज फुलीपासून जवळच्या खांबापर्यंत माप घेतलं. धाकट्याच्या वहीत दोन मीटर होतं. कॉम्प्युटर म्हणाला, दोन मीटर सहा मिलिमीटर. धाकटा सहा मिलिमीटर चुकेल? त्यापेक्षा तो जेवायला चुकेल. मी फुली निवडली. उंची, उणे पंधरा सेंटिमीटर.

बाकी सगळं शून्यावर. खांब, भिंती, दारं. फुली तेवढी खाली.

फोन लावला. "काय रे, खड्ड्यात उभा राहून सर्व्हे करतोस काय?"

"खड्डा? दादा, फरशी काचेसारखी आहे. गोटी ठेवली तरी हलत नाही."

"मग ही फुली कशी गेली खाली?"

"तुझाच कॉम्प्युटर म्हातारा झाला असेल. मालकावर गेला."

मी शून्य टाकलं. विषय संपला.

मंगळवारी फुली उणे चाळीसवर.

मी चिडलो. चूक एकदा होते, दुसऱ्यांदा झाली तर तिला कारण असतं. एक सेटिंग असते, ती चालू केली की माऊस कुठेही टेकवा, उंची शून्यच येते. ती चालू केली. मग ती फुली पुसली आणि नवीन कोऱ्या फायलीत, माझ्या हातानं, शून्यावर पुन्हा काढली आणि हॉलच्या नकाशात आणून बसवली. बाजूनं बघून खात्री केली. सगळा हॉल एका रेघेत, चादर घडी घालून ठेवावी तसा.

त्या संध्याकाळी जेवताना पोरगी म्हणाली, "दादा, तुमच्या भावाला विचारा हा कुठे पाण्यात खेळतो. रोज पँट भिजवून आणतो."

"पाणी कुठाय तिथे?" धाकटा म्हणाला. "कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली. घाम असेल."

"घाम पायाला येतो? तोही बर्फासारखा गार? काल घोट्याच्या वर होती ओल, आज गुडघ्याला टेकली. हे काय आहे?"

तिनं दोरीवरची पँट आणून दाखवली. ओल अशी वर चढलेली नव्हती, जशी चिखलातून चालल्यावर चढते. सरळ रेघ होती. दोन्ही पायांवर एकाच उंचीला, पट्टी लावून आखल्यासारखी. खाली काळपट ओलं, वर कोरडं.

माझ्या खिशात टेप कायम असते. का काढली, मला सांगता येणार नाही. धाकट्याला चौकटीपाशी उभं केलं, पँट त्याच्या पायाला लावली आणि टाचेपासून मोजलं.

चाळीस.

"काय झालं?" पोरगी म्हणाली.

"काही नाही," मी म्हणालो आणि टेप खिशात टाकली.

बुधवारी सकाळी फाईल उघडायच्या आधी मी चहा घेतला, पेन्सिलींना टोकं केली, ज्या आता कुणी वापरत नाही. मग उघडली. माझ्या हातानं काढलेली फुली उणे पंच्याण्णववर होती.

मी दुपारी स्वतः कारखान्यात गेलो. बाहेर ऊन रणरणत होतं, आत मात्र दारातच अंगावर काटा आला. हॉल रिकामा. यंत्रं केव्हाच भंगारात गेलेली, खांबांवर पांढरं मीठ फुटलेलं. वरच्या काचांतून उजेड सरळ खाली पडत होता. धाकटा मधोमध तिपाईपाशी उभा होता, हात खाली सोडून. यंत्राला डोळा लावलेला नव्हता. नुसता उभा.

मी हाक मारली. त्यानं वळून बघायला जरा वेळ घेतला. लांबून हाक ऐकू यावी तेवढा.

"टिपायचं सोडून काय करतोस?"

"काही नाही रे दादा. इथे उभं राहिलं की बरं वाटतं. सगळं शांत होतं."

मी त्याच्याजवळ गेलो. बाटलीतलं पाणी फरशीवर ओतलं. पाणी तिथेच गोल पसरून थांबलं. कुठेही वाहिलं नाही. फरशी सपाट, कोरडी, खडखडीत. पायानं ठोकली, भरीव वाजली. आणि धाकट्याची पँट कमरेपर्यंत भिजलेली होती, त्याच सरळ रेघेत. मी टेप काढली नाही. मला आकडा माहीत होता.

घरी आणून त्याला मी समोर बसवलं. नकाशा, पँट, तिन्ही दिवसांचे आकडे, सगळं सांगितलं. पोरगी पदराशी चाळा करत ऐकत होती.

"दादा, तूच शिकवलंस ना, फुली खाली गेली की शून्य टाकायचं?" धाकटा हसला. "टाक मग. घाबरतोस कशाला?"

"दोनदा टाकलं. दर वेळी ती आधीपेक्षा खाली जाते."

"एकच बाजू राहिलीय. उद्या अर्ध्या दिवसात संपेल."

"उद्या तू घराबाहेर पडलास तर तंगडं मोडून हातात देईन. ती बाजू मी हाताच्या टेपनं मोजतो. मॅडमना काय सांगायचं ते मी बघतो."

"बरं."

"बरं नाही. शपथ घे."

त्यानं बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "शपथ," म्हणाला. लहानपणी खोटं बोलताना तो डावा कान खाजवायचा. त्या रात्री खाजवला नाही. म्हणून मी विश्वास ठेवला.

झोपण्याआधी मी घरच्या कॉम्प्युटरवर फाईल उघडून फुली शून्यावर आणली. तेवढ्यावर समाधान होईना. फुली वेगळ्या लेयरवर टाकली आणि त्या लेयरला कुलूप लावलं. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले ट्रेसिंगचेच कागद समजा. एकाला कुलूप लावलं की त्याच्यावरचं काही हलत नाही, पुसत नाही, बदलत नाही. म्हटलं, आता हालून दाखव.

गुरुवारी दहाला ऑफिसात पोचलो. लांब टेप बॅगेत घेतली. निघण्याआधी म्हटलं, सबंध नकाशाच एकदा साफ करू, म्हणजे शंका नको. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. सगळं निवडायचं आणि आभाळात फेकायचं, इतकं वर की एकावर नव्याण्णव शून्यं. तिथून तेवढंच खाली आणायचं. इतक्या उंचीवर गेल्यावर कॉम्प्युटरला पंधरा सेंटिमीटर आणि पंच्याण्णव सेंटिमीटर यातला फरक कळत नाही. आपण कुठून आलो तेच रेघा विसरतात. परत येतात त्या सगळ्या शून्यावर.

फेकलं. हॉल नाहीसा झाला.

खाली आणलं. हॉल परत आला.

स्क्रीनच्या तळाशी एक ओळ आली. ती रोज येते, कुणी वाचत नाही. त्या दिवशी वाचली. एक वस्तू कुलूपबंद लेयरवर असल्यामुळे वगळली.

माझंच कुलूप. माझ्याच हातानं लावलेलं. सगळा हॉल वर जाऊन आला आणि ती एकटी खाली राहिली.

फुली निवडली. उणे एक मीटर बावन्न.

फोन वाजला. पोरगी होती.

"दादा, ते गेले. मी आंघोळीला गेले तेवढ्यात. यंत्र पण नेलं. तुम्ही थांबवा ना त्यांना."

मी फोन ठेवला आणि धाकट्याला लावला. वाजत राहिला. इकडे मी आकड्याची चौकट बंद करून पुन्हा उघडली.

एक मीटर एकसष्ट.

स्वयंपाकघराच्या चौकटीवरची पेन्सिलची खूण डोळ्यांपुढे आली. एक मीटर अडुसष्ट.

फोन उचलला गेला.

"धाकट्या! आहेस तिथून बाजूला हो. आत्ता. दाराकडे पळ."

"दादा?" आवाज शांत होता. घाबरलेला अजिबात नव्हता. "एक गंमत सांगू?"

"गंमत गेली खड्ड्यात. पळ!"

"फरशी खालून पण सपाटच आहे रे."

मी लेयरचं कुलूप काढलं. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. उंचीच्या रकान्यात शून्य टाकलं आणि एंटर मारलं.

फोनवर काही पडल्याचा आवाज नाही, हाक नाही. लाईन चालू होती. नुसतं शांत झालं.

तिथे पोचलो तेव्हा तिपाई खिळ्यावर नीट उभी होती, यंत्राची पातळी दाखवणारा बुडबुडा बरोबर मध्ये. खाली त्याचे बूट, शेजारी शेजारी ठेवलेले. आत काठोकाठ पाणी. बाहेरून कोरडे. फरशीवर एक थेंब नाही.

पोलीस आले. आठ दिवसांनी खिळ्याशेजारी फरशी फोडली. खाली काँक्रीट, त्याखाली मुरूम, खडखडीत कोरडा. तीन मीटर भोक पाडलं आणि बुजवून टाकलं. मॅडमनी काम परत केलं, पण मी विनवलं म्हणून हॉलची किल्ली माझ्याकडेच राहू दिली. पोलिसांच्या कागदावर धाकटा 'घर सोडून गेला' असा आहे. जाणारा माणूस बूट सोडून जातो का, हे मी विचारलं. साहेब म्हणाले, जातात.

मी शून्य टाकलं म्हणून तो गेला, का शून्य टाकायला उशीर केला म्हणून गेला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यानंतर मी त्या फुलीला हात लावलेला नाही. दुसऱ्या दिवशी ती उणे तीन मीटरवर होती. महिन्यानं नऊवर. मग चौदा मीटर चाळीसला जाऊन थांबली.

पोरीपासून मी काही लपवलं नाही. रडली, मला नको नको ते बोलली, दोन महिने माझ्या ताटात वाढलं पण तोंडाकडे बघितलं नाही. मग एका सकाळी डबा हातात देताना म्हणाली, "दादा, आज किती?"

"चौदा चाळीस."

तेव्हापासून रोज विचारते. लोक हवा विचारतात तसं. मी ऑफिसात पोचलो की आकडा बघतो आणि फोन करून सांगतो. चौदा चाळीस. चौदा चाळीस. वर्षभर.

गेल्या महिन्यात आकडा चौदा दहा झाला.

मी दोनदा बघितला. दुसऱ्या दिवशी साडेतेरा. संध्याकाळी घरी गेलो तर धाकट्याच्या सगळ्या पँटी इस्त्री करून पलंगावर मांडलेल्या. त्या दिवसापासून ती पुन्हा गुणगुणायला लागली. मीही खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. अकरा. आठ. पाच. मी रात्री चौकटीवरच्या त्या शेवटच्या खुणेवरून बोट फिरवायचो आणि म्हणायचो, ये बाबा, आता तंगडं मोडत नाही.

काल एक मीटर दहा होता. ती म्हणाली, "दादा, मला हॉलची किल्ली द्या. उद्या मी टॉवेल घेऊन थांबते. त्यांना थंडी वाजेल." मी दिली.

आज सकाळी फाईल उघडली. उणे पंधरा. जिथून सुरू झालं तिथेच. इतके दिवस मी आकडाच बघत होतो. फुली स्क्रीनवर मुंगीएवढी दिसते, ती जवळ आणून कशाला बघायची? आज आनंदानं म्हणा, जवळ आणली.

लांब हात डावीकडे होता.

मी खुर्चीत मागे टेकलो. पुन्हा पुढे झालो. नकाशा उलटा झालाय का बघितलं. दार दाराच्या जागी, खांब खांबांच्या जागी. सगळा हॉल सुलटा, फुली तेवढी पाठीमागून. फरशीच्या खालून बघणाऱ्यालाच ती सुलटी दिसली असती.

फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला.

"पोरी, कुठे आहेस?"

"हॉलमध्ये. दादा, इथे किती शांत वाटतं हो."

"बाहेर ये. काही विचारू नको, दाराबाहेर ये आधी."

"आता कशी येऊ? मी खिळ्यापाशीच उभी आहे," ती म्हणाली. हसत होती. "सांगा ना, आज किती?"

मी आकडा पुन्हा बघितला.

शून्य होतं. आणि या वेळी ते मी टाकलेलं नव्हतं.